मेन गाडी तुझीच

उद्या जग बुडायचं ठरलंच, तर आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत एक घर तेवढं शाबूत राहील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते घर आमच्या मामांचं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. बुडवणारं पाणी त्यांच्या दारापर्यंत आलं, तर मामा आधी त्यातल्या दोन घागरी भरून घेतील, तुरटी फिरवतील, फडक्यानं गाळतील आणि मगच पुढचं बघतील. अडचण एवढीच की त्यासाठी घागर रिकामी लागेल. मी त्या घरात आठवीपासून राहिले, पण रिकामी घागर पाहिल्याचं मला आठवत नाही.

माझे वडील मेंढरं राखायचे. कळपामागं वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर जायचे, म्हणून शाळेसाठी मला आत्याकडं ठेवलं. मामा तेव्हा धान्याच्या गोदामावर नोकरीला होते. नोकरीतनं ते निवृत्त झाले, पण गोदाम त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. त्या दिवशी टिपाडं, हंडे, बादल्या भरून झाल्या की मामा तांब्यांकडं वळायचे, तांबे संपले की डब्यांकडं. एकदा पाहुण्यांपुढं चिवडा ठेवायला आत्यानं फडताळातला डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यात काठोकाठ पाणी. पाहुण्यांपैकी एकजण गंभीरपणे म्हणाला, "असू द्या वैनी, चिवडा खाल्ल्यावर ते लागतंयच."

धान्याच्या बाबतीत गोदामाचा एकच नियम घरात चालायचा : जुनं आधी संपवायचं, नव्याला हात लावायचा नाही. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्याचा परिणाम असा की त्या घरात कायम गेल्या वर्षीचं खाल्लं जायचं. सुगी व्हायची, नव्या ज्वारीची पोती यायची, शेजारीपाजारी पांढऱ्याशुभ्र गोड भाकरी व्हायच्या आणि आम्ही मात्र कडुनिंबाच्या पाल्याचा वास येणारी जुनी ज्वारी दळायला नेत असू. नवी ज्वारी जुनी होईपर्यंत तिची वाट बघायची. "एवढ्या वर्षांत या घरात ताजं म्हणून काय मिळालं असंल," आत्या म्हणायची, "तर ते निस्तं भांडण." मामा शांतपणे उत्तर द्यायचे, "त्येचा बी साठा हाय की तुझ्याकडं."

लाईट गेली की लोक वैतागतात. मामांना आनंद व्हायचा. "गेली! गेली!" असं म्हणत ते उठायचे ते जणू बऱ्याच दिवसांनी लेक माहेरी आल्यासारखे. उन्हात पापडांच्या शेजारी वाळत ठेवलेला सोलरचा दिवा, खुंटीवरचा कंदील, काचेच्या बरणीत कोरड्या ठेवलेल्या काड्यापेट्या, सगळ्यांना कामाला लावून होईपर्यंत लाईट परत यायची आणि मामांचा चेहरा पडायचा. दिवाळीत कुणीतरी तेरखेड्याहून फटाके आणून द्यायचं. ते उडवायच्या आधी वाळूची बादली, ओलं पोतं आणि हातपाय झाकणारे कपडे अशी तयारी व्हायची. मग मामा चिमूटभर माती वर उधळून वाऱ्याची दिशा बघायचे. गल्लीतल्या पोरांची अख्खी माळ वाजून संपायची तेव्हा आम्ही पहिल्या फुलबाजीसाठी रांगेत उभे असायचो.

प्रवासाला निघताना त्यांच्या खांद्याला एक निळी रेक्झिनची पिशवी असे आणि पिशवीत काय नसे ते विचारावं. त्यातल्या सुती दोरीची एक हकीकत वाशीच्या स्टँडवर अजून सांगतात. धाराशिवहून येताना एस.टी.चं दार लागेना. कंडक्टर हैराण. मामांनी दोरी काढली आणि दार असं बांधून दिलं की ड्रायव्हरनंही मान डोलावली. गाडी वाशीला आली. लोक पुढच्या ड्रायव्हरच्या दारानं उतरले. मामा उतरेनात. "उतरा की मामा, वाशी आली." "माझी दोरी दाराला हाय." "मग सोडा." "सोडली तर दार उघडं राहतंय, बाया-माणसं बसल्यात गाडीत." शेवटी मामा दोरीसोबत भूमपर्यंत गेले, तिथं गाडी रिकामी झाल्यावर दोरी सोडली, गुंडाळली आणि पुढच्या गाडीनं परत आले. आत्या जेवायची थांबली होती. तिनं कारण ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "दोरीला जेवू घाला आधी."

भूकंपाची आठवण आमच्या जिल्ह्यात कुणाला करून द्यावी लागत नाही. मामा ती तरीही करून द्यायचे. अधूनमधून, कधीही, ते पितळी ताट वाजवायचे. ताट वाजलं की हातातलं काम टाकून अंगणात यायचं. मी आणि त्यांची लेक मनीषा पळत यायचो. आत्या लगेच यायची नाही.

"अगं ये की भाईर!"

"तव्यावर भाकरी हाय. झाली की येते."

"भूकंप थांबतुय व्हय भाकरीसाठी?"

"मग भाईर बसून खाणार काय, ताट?"

हसण्यावारी नेलं तरी या माणसाच्या तयारीनं माझं आयुष्य घडवलं, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. दहावी झाले तेव्हा वडील मला न्यायला आले होते, स्थळ बघून ठेवलं होतं. मामांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, ज्वारीला किडा लागतुय, पैशाला पाय फुटत्यात. पोरीच्या डोक्यात भरून ठिवलंय ते तेवढं टिकाऊ. बारावी होऊ द्या, मग बघू." बारावी झाल्यावर पुन्हा चहा झाला आणि पुन्हा "पदवी होऊ द्या, मग बघू" झालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आज धाराशिवला एका शाळेत शिकवते, आणि मामांचं ते "मग बघू" मी वर्गातल्या पोरींच्या वडलांना जसंच्या तसं ऐकवते.

हा माणूस असा का, हे मला आत्यानं सांगितलं, तेही सांडगे घालता घालता. मनीषाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तेव्हा ते रानात वस्तीवर राहायचे. पावसाळ्याचे दिवस होते, ओढ्याला पाणी होतं, आणि आत्याचे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मामा सकाळी गाडी बघायला गेले ते दिवस मावळताना बैलगाडी घेऊन आले. "तवर सगळं होऊन गेलं हुतं," आत्या म्हणाली. "मी वाचले, त्यो न्हाय. तवापासनं ह्यांचं हे आसं. मी बोलते, पर आडवत न्हाय." आणि तिनं पुढचा सांडगा घातला.

त्यामुळं मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं, तेव्हा काय होणार ते आम्हा सगळ्यांना कळून चुकलं. मनीषाचा नवरा पुण्याला नोकरी करतो. "तिथंच दवाखाना जवळ आहे," असं तो म्हणूनही बघत होता. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यात बदल नव्हता. मनीषा आली आणि मामांनी सगळा साठा, सगळी बुद्धी एका गोष्टीवर लावली : गाडी. गाडी वेळेवर आली पाहिजे. मला सुट्टी लागली म्हणून मी मदतीला गेले, तर मनीषा बापाकडं बघत म्हणाली, "अक्का, दिवस मला गेल्यात का आण्णांना, तेच कळंना झालंय." मामा रोज तिला हातपाय हलके राहावेत म्हणून रस्त्यापर्यंत चालवत न्यायचे आणि घड्याळ बघायचे. दवाखान्यापर्यंतचे खड्डे तपासायला ते स्वतः जीपमध्ये बसून गेले होते. प्रत्येक खड्ड्याला पोट धरून बसत होते, हे जीपवाल्यानं नंतर गावभर केलं.

एक गाडी बिघडू शकते, म्हणून मामांनी चार ठरवल्या. जीप, दुधाचा टेम्पो, रिक्षा आणि आपल्या चुलतभावाचा ट्रॅक्टर. आता आमच्याकडं माणसाला मदतीला बोलवायचं आणि "तू दोन नंबरचा" असं सांगायचं म्हणजे त्याचा मान काढून घेणं. लग्नात आहेर मागं-पुढं झाला तर वर्षभर बोलणं बंद होतं, इथं तर लेकीच्या बाळंतपणाचा प्रश्न. म्हणून मामांनी चौघांनाही वेगवेगळं गाठून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मेन गाडी तुझीच. बाकी कुणाला बोलू नको." चौघांनी ते मनापासून घेतलं. जीपवाल्यानं लग्नाची भाडी सोडली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नवं कडब्याचं अंथरूण आणि त्यावर सतरंजी पडली. रिक्षावाल्यानं तर आरशाला झेंडूची माळ घातली.

ती वेळ आली सकाळी, बाजाराच्या दिवशी. मनीषानं चौकटीला धरलं आणि म्हणाली, "आण्णा, आता खरं." मामांनी जीपवाल्याला फोन लावला. "निघालो," तो म्हणाला. निघालो म्हणणारे किती निघतात हे मामांना माहीत असल्यामुळं त्यांनी लगेच टेम्पोला लावला. मग रिक्षाला. मग ट्रॅक्टरला. सगळे म्हणाले निघालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे खरंच निघालेले होते.

मामांची गल्ली एका जीपच्या रुंदीची आहे. एका तोंडानं जीप शिरली, तिच्या मागं दुधाचा टेम्पो. दुसऱ्या तोंडानं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आला, आणि त्याच्यापुढं रिक्षा. दारासमोर सगळ्यांची तोंडं एकमेकांना भिडली.

"मागं घे की ट्रॅक्टर!" जीपवाला ओरडला. "मेन गाडी माझी हाय!"

"तुझी? मला म्हैन्यापासनं सांगितलंय दादांनी!" ट्रॅक्टरवरनं चुलतभाऊ म्हणाला.

"आरं जा! डिझेल फुल्ल करून बसलोय म्या!"

"आन मी माळ कशाला घातलीय मग?" रिक्षावाल्यानं रडकुंडीला येऊन विचारलं.

चौघांनी मिळून मामांकडं पाहिलं. मामा दारात उभे होते, खांद्याला पिशवी. त्यांनी पिशवीत हात घातला, तो रिकामाच बाहेर आला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी गाड्या आल्या होत्या, आणि लेक तरीही दारातच होती.

"आण्णा," मनीषा दात आवळून म्हणाली, "मानपान मागनं करा. न्हायतर हितंच व्हईल."

तेव्हा आत्या पुढं झाली. आयुष्यभर ताट वाजल्यावर शेवटी बाहेर येणाऱ्या आत्यानं लेकीच्या काखेत हात घातला आणि शेजारच्या काकूंच्या घरात शिरली. त्यांचं एक दार आमच्या अंगणात उघडतं, दुसरं गल्लीत, जीपच्या पलीकडं. आम्ही स्वयंपाकघरातून चाललो. काकू भाजी निवडत होत्या, त्या धडपडत उठल्या. "आगं थांब, भरल्या घरातनं तशीच जाती व्हय? कुंकू तरी लावू दे!"

"काकू, आल्यावर लावा!" मनीषा कळवळली. काकूंनी तरीही बोट टेकवलंच.

सगळ्यात मागं होता म्हणून टेम्पोच मोकळा होता. मनीषा आणि आत्या पुढं बसल्या. मी आणि मामा मागं, दुधाच्या कॅनांमध्ये. टेम्पोवाल्यानं उलटा घेत गल्ली सोडली तेव्हा बाकीचे तिघे अजून भांडत होते, पण टेम्पो जाताना बघून त्यांनी भांडण थांबवलं आणि एकेक करून तेही निघाले. दवाखान्याच्या आवारात थोड्या वेळानं जीप, रिक्षा आणि ट्रॅक्टर अशी वरात येऊन लागली.

आत नर्सबाईंनी फक्त आत्याला घेतलं. बाहेर मामा भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवा एक गाडी न्हाय घावली. आज चार आल्या, तरी म्या वाट आडवूनच ठिवली." ट्रॅक्टरवाल्या चुलतभावानं ते ऐकलं. तो येऊन मामांजवळच्या बाकावर बसला, चप्पल काढून ठेवली आणि म्हणाला, "दादा, आता वाईट नका वाटून घीऊ. फकस्त पुढच्या बाळंतपणाला नंबर लावून द्या. मेन मी." जीपवाला लांबून म्हणाला, "त्ये बघू!" आणि मामांच्या ओठांवर हसू येता येता राहिलं.

मग दार उघडलं. आत्या बाहेर आली ती घामानं भिजलेली. "पोरगी झाली," ती म्हणाली. "दोघी चांगल्या हायत." मामा बाकावर बसले. थोड्या वेळानं नर्सबाईंनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते इवलंसं गाठोडं आणलं आणि विचारायच्या आधीच मामांच्या हातांत दिलं.

मामा अवघडून बसले होते. बाळानं डोळे मिटलेले होते. मामांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा आवाराकडं, आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आता काय करायचं गं, पोरी?"

ज्या माणसाकडं प्रत्येक संकटाचं उत्तर तयार असायचं, त्यानं मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"काही नाही, मामा," मी म्हणाले. "नुसतं बसायचं."

मामा बसले. ऊन सरकत बाकापर्यंत आलं, बाळाच्या गालावर तिरीप पडली. मामांनी एक हात मोकळा करून तिच्या तोंडावर आडवा धरला. तो हात भरून आला असणार, पण आत्यानं येऊन बाळ घेईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.