हलका हात
स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला गुलाब आठवतात. सत्त्याण्णवच्या थंडीत मी नाशिकला नर्सिंग शिकत होते, आणि आमच्या वॉर्डात मखमलाबादकडची एक फूलवाली आजी दाखल होती. तिची सून रोज मळ्यातले दोन-चार गुलाब आणून उशाशी ठेवायची. आजीला पहिल्यांदा सलाईन लावताना माझा हात इतका थरथरला, की शीर दोनदा चुकली. रडवेली होऊन मी मोठ्या सिस्टरना बोलवायला निघाले, तर आजीने माझा एप्रनच धरला. "जाऊ नको पोरी. तुझा हात लय हलका हाय. घे परत." पुढच्या खेपेला जमलं. मग ती रोज मलाच हाक मारायची. तिचे हात काळेनिळे पडले तेव्हा मी विचारलं, "आजी, दुखतं का हो?" ती हसली. "काट्यांची सवय हाय मला. तू लय चांगली सिस्टर व्हणार बघ." महिनाभराने ती गेली. सामान आवरताना सून म्हणाली, "तुमी गेल्यावर हात छातीशी धरून कण्हायच्या. म्या म्हनलं, दुसऱ्या सिस्टरला सांगू का? तर म्हनल्या, नको, त्या पोरीचा हात बसू दे." आता मी शिकवते. एखादी नवी मुलगी सुई धरून थरथरायला लागली, की मी माझी बाही वर सारते, हात तिच्यापुढे धरते आणि म्हणते, "घे, मला काही दुखत नाही." दुखतं.