राणीला अडखळायला लावलं

"इतकं छान वाचलं तर मदत कोण करणार? तिला सांग, जरा अडखळ."

आमच्या संस्थेच्या मॅडम माझ्या कानात बोलल्या. बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीचा हॉल. एसी एवढा, की पेंग्विनानेही स्वेटर मागितला असता. समोर देणगीदार. माझ्या शेजारी राणी, आठ वर्षांची, पुस्तक छातीशी धरून.

संस्था वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवते. देणगीदारांसमोरची रीत ठरलेली. आधी वाचता न येणारं मूल उभं करायचं, मग येणारं. लोक हळहळतात, मग टाळ्या वाजवतात. त्या दिवशी घोळ मीच घातला. दोन्ही वाचणाऱ्या मुली आणल्या. फुशारकी, दुसरं काय! वस्तीभर सांगत सुटले होते, माझी पोरं मिठाच्या पिशवीवरचं, रिक्षाच्या पाठीवरचं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचंसुद्धा वाचतात. डॉक्टरची चिठ्ठी ही थाप. बाकी खरं.

मॅडमनी माइक घेतला. "ही आमची टीचर. झोपडपट्टीतूनच वर आलीय."

मी डोंगरी गावची, मुंबईतली डोंगरी नव्हे. घरची भातशेती होती. मॅडमनी एका वाक्यात आमचं अख्खं घर उचलून झोपडपट्टीत नेऊन ठेवलं.

"तुमच्या गावच्या भाषेत बोल ना जरा. सो क्यूट!"

मी बोलले. "मी डोंगरीची हाय. मना इंग्लिश येत न्हाय."

हॉल हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने मी हसले. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्या दिवशी ती शेपटीसारखी हलली.

मग मी राणीपाशी वाकले. "अडखळ गं थोडं. नाटक आहे."

"पण ताई, आई आलीय."

खरंच, दाराशी तिची आई. याच सोसायटीचे जिने पुसते. पोरगी आज वाचणार म्हणून मजल्यामजल्यावर सांगून आलेली. आत यायला कुणी म्हटलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच टाचा उंचावून बघत होती.

"अडखळ म्हटलं ना," मी म्हणाले. मीच.

राणी अडखळली. अक्षरावर बोट ठेवून, घाबरून, ओठ चावून. 'आंबा' या शब्दाला तीनदा आपटली. इतक्या मनापासून तिने माझी कुठलीच गोष्ट ऐकली नव्हती. "अरेरे" झालं. कुणीतरी मोबाइल वर धरला.

बाहेरून वॉचमनचा आवाज आला. "क्या मौसी, तेरी लडकी तो अटक गयी!"

मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राणीच्या खोलीवर गेले. तिच्या आईला सगळं सांगितलं. "मीच अडखळायला लावलं. तिला येतं." राणीला पुस्तक दिलं. ती धडाधड वाचत सुटली. पान संपलं, पुढचं काढलं.

आई मेथी निवडत होती. मान वर नाही.

"पाठ केलं आसंल," ती म्हणाली. "तुम्ही लई गोष्टी सांगता, ताई."

मला थापाडी म्हणणारे आजवर लाखभर तरी भेटले असतील. एकाचंही लागलं नव्हतं. हे लागलं.

राणीने मात्र हळूच विचारलं, "ताई, वर्गात आता खरं वाचायचं की तसं?"

सोमवारी मॅडमचा फोन आला. शनिवारी सिल्व्हर पार्कला कार्यक्रम. "वाचता न येणारी म्हणून राणीलाच पाठव. छान करते."

"नाही पाठवणार."

"मग तुझ्या जागी दुसरी बघू का?"

"बघा. जी येईल तिलाही मी सांगणार, तुम्ही काय करायला लावता आणि मी काय केलं ते."

फोन कापला गेला. त्यांनी की मी, आठवत नाही. मीच कापला असं सांगायला आवडलं असतं.

राणीची आई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल असं वाटतही नाही. ते माझ्या कर्माचं आहे, मी भोगीन. पण ज्याला वाचता येतं असं माझं एकही मूल यापुढे अडाणी म्हणून उभं राहणार नाही. आणि ज्याला येत नाही, तेही नाही.