भंडारा अणदूरचा होता

मालिकेतलं कोर्ट उभं राहिलं ते जळकोटजवळ, हायवेला लागून असलेल्या एका गोदामात. गोदाम खडी क्रशरवाल्याचं. म्हणजे ज्याच्या माणसांनी माझ्या चुलत्याचा पाय मोडला त्याचंच. चुलत्यानं त्याच्या टिपरला रानातून वाट दिली नव्हती, एवढाच गुन्हा. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तरी मी गेले. संवाद आमच्या बोलीत बसवून द्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि माझी अक्कल अशी की मी गावोगाव वाटते ते जुलमाविरुद्धचं पत्रक गल्लीत राहतं, मालिका घराघरांत जाते.

आबांनाही मीच नेलं. आबा आमच्याच गावचे, मेंढरं राखतात. मारहाण झाली तेव्हा ते बांधापलीकडं होते. दुसरं कुणीच नव्हतं. येत्या सोमवारी तालुक्याच्या कोर्टात त्यांची साक्ष, आणि आबांनी जन्मात कोर्ट पाहिलेलं नाही. म्हटलं, गर्दीत बसतील, पिंजरा बघतील, भीती मोडेल.

भाग विनोदी होता. गावातला खोटा साक्षीदार शपथ घेऊन 'म्या कायबी बघितलं न्हाय' म्हणतो आणि अख्खं कोर्ट हसतं. कागदावर नुसतं 'देवाशपथ' होतं. खंडोबाचा बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायचं मी सुचवलं. सामान बघणारा म्हणाला, "हळदीची पुडी आहे की. कॅमेऱ्याला काय कळतंय?" मी त्याला झापलं. आमचं सगळं नकलीच दाखवणार का तुम्ही? सकाळी अणदूरला जाऊन खंडोबाच्या देवळातून भंडारा आणला.

साक्षीदार करणारा नट सोलापूरहून आलाच नाही. मॉनिटरमागं क्रशरवाला खुर्ची टाकून बसला होता. त्यानं गर्दीकडं बोट केलं. "ते आबा घ्या की. तोंड बघा नुसतं."

दिग्दर्शक खूश. आबा लाजले, थोडे फुशारलेसुद्धा. मी थांबवू शकत होते. वाटलं, पिंजऱ्यात उभं राहायचा सराव होईल. कुठं श्वास घ्यायचा, कुठं थांबायचं, मीच शिकवलं.

बेलाचं पान आणि भंडारा हातावर आला तसं आबांनी विचारलं, "पोरी, ह्यो कुठला?"

"अणदूरचा, आबा. खरा हाय."

त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. दिग्दर्शकाला ते फार आवडलं.

पहिला टेक बाहेरून टिपर गेल्यानं वाया गेला. मग लांबून, मग जवळून, मग नुसता हात. दर वेळी तोच भंडारा, तेच वाक्य. सात वेळा. खूण केली की गर्दी हसायची. क्रशरवाला तेवढा हसत नव्हता. तो आबांचा व्हिडिओ मोबाइलवर काढत होता. शेवटी म्हणाला, "अजून एक घ्या, साहेब. आबांचा हात बसलाय आता."

परतताना जीपमध्ये मी म्हणाले, "आबा, ती मालिकेतली शपथ. सोमवारी खरं सांगायचं."

आबा तळहाताकडं बघत होते. पिवळा तसाच होता. "भंडाऱ्याला काय ठावं, पोरी, कोर्ट खोटं हाय म्हणून? शब्द तर म्या दिला. उलटलो तर नातवंडांवर यील."

मी पेटले. सगळी पत्रकं त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवली. वर म्हणाले, "देवाचं कशाला सांगता? त्या क्रशरवाल्याला भ्याला तुम्ही."

"त्येला भ्यालो असतो तर साक्षीला नाव दिलं असतं व्हय?"

 

सोमवारी पुकारा झाला. क्रशरवाला मागच्या बाकावर. चुलता कुबडी मांडीवर आडवी घेऊन पुढं बसलेला. आबा पिंजऱ्यात चढले. आमच्या वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?"

मी शिकवला होता तिथं आबांनी श्वास घेतला. शिकवलं होतं तिथं थांबले.

"म्या कायबी बघितलं न्हाय."

इथं कुणी हसलं नाही. चुलता वळून माझ्याकडं बघायला लागला. भंडारा कुणी आणला, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.