चव्वेचाळीस क्लिक

सगळा नेमबाजी क्लब त्याला घड्याळजी म्हणायचा. सहा दिवस दुकानात डोळ्याला भिंग लावून तो कणीएवढे स्क्रू बसवायचा आणि सातव्या दिवशी चटईवर पालथा पडून सहाशे मीटरवरच्या काळ्या वर्तुळाकडे बघायचा. आठवडाभर नाकासमोर बघणाऱ्याने एक दिवस तरी लांब बघावं, असं त्याचं म्हणणं.

गोळी सरळ जाते हा आपला भाबडा समज. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडतच असते, हातातून निसटलेल्या वाटीसारखी. पुढे पळता पळता पडते, इतकंच. सहाशे मीटरला ती अडीच मीटरहून जास्त खाली येते. म्हणून रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवून नेम तेवढा वर घ्यायचा. घड्याळजीचा हिशेब चव्वेचाळीस क्लिकचा, म्हणजे चकतीच्या चव्वेचाळीस घरांचा. बाकीचे लोक चकतीवरचे आकडे वाचत. हा पठ्ठ्या डोळे मिटून बोटांनी मोजायचा. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला गोळीची वाट दिसायची, गवतावरून, थरथरत्या उन्हातून अलगद उतरत जाणारी. त्या वाटेवर तो स्वतःही थोडा तरंगायचा. जगात याहून मोठं सुख त्याला माहीत नव्हतं.

अलीकडे मात्र त्याची बोटं बधिर व्हायला लागली होती. बोटं गेली की दुकान गेलं, म्हणून हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"गोळी वर गेली," शेजारी दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेली बायको म्हणाली. "वीतभर तरी."

"ऊन चढलंय ना."

त्याने चकती शून्यावर आणून पुन्हा चव्वेचाळीस मोजले. गोळी पुन्हा वर.

"काडतुसांचा हा डबाच भिकार निघाला!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत बायको हसली आणि वाकून तिने चकतीवरचा आकडा वाचला. एकोणपन्नास. पाच क्लिक त्याच्या बोटांखालून निघून गेले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. तिचं हसू मावळलं. बायकांची नाजूक घड्याळं तो हल्ली "सुटे भाग मिळत नाहीत" म्हणून का परत पाठवतो, ते तिला आत्ता उमगलं.

तिने चकती पाच घरं मागे घेतली. "आता मारा."

त्याने श्वास सोडला, चाप दाबला. गोळी पोहोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात तो गवतावरून गेला, उन्हातून गेला, कुठल्याच दुकानाचा नसल्यासारखा हलका झाला.

"मधोमध!" ती म्हणाली.

तो हसत वळला, तर त्याची बोटं तिच्या मुठीत होती. ती कधी धरली, ते त्याला समजलंच नव्हतं. तिने ती जोरात दाबली.

"अहो, कळतंय का काही?"

वर्षानुवर्षांच्या सवयीने होकार ओठांवर आला होता.

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच नाही."