अण्णांची फुंकर आणि मावशीचा जवला

धूळ आपोआप उडत नाही, ती कुणीतरी उडवतं. तुर्भ्याच्या ट्रकरस्त्यावर आमच्या संघटनेनं धुळीविरुद्ध वाटलेल्या पत्रकाची ही पहिली ओळ माझी, आणि मला तिचा फार अभिमान. ओरडायला सोपी, ऐकणाऱ्याला बोचणारी. उरलेला गठ्ठा काखेत मारून मी खारघरला घरी यायचे, तर धूळ उडवणारा इसम आमच्याच अंगणात मांडी घालून बसलेला असायचा. माझा बाप.

अण्णा देवघरं करतात. मूळचे साताऱ्याकडचे, पण निम्मं आयुष्य इथंच गेलं. टॉवरांच्या पायथ्याशी जे गाव उरलंय, त्यात मावशीचं घर आहे. मावशी म्हणजे आमची घरमालकीण, खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या अंगणाचा अर्धा भाग आमच्याकडे भाड्यानं. मधे कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे अण्णांचं सागवान, पलीकडे मावशीचा जवला. नखाएवढी कोळंबी ती; चादरीवर पसरून उन्हात सुकवतात. तिच्यावर काही पडलं तर निवडत बसायची सोय नाही.

पटाशी-हातोडीच्या दिवसांत हा शेजार छान चालला. ढलप्या पायाशी पडायच्या, झाडून चुलीत जायच्या. पण घुमटाच्या पाकळ्या आणि मोराचा पिसारा आता ग्राइंडरवर निघतो. मशीन लाकूड कापत नाही, दळतं. मैद्यासारखी पिवळी धूळ उठते, हवेत तरंगते, अण्णांच्या भुवयांवर बसते आणि उरलेली मावशीकडे जाते.

एका सकाळी मावशी भिंतीला टेकून उभी राहिली.

"मिस्त्री, माज्या जवल्यान लाकूड आयलंय. कालवन करू का देवघर करू?"

अण्णांनी मशीन बंद केलं आणि हसले. हसता हसता खोकले. मावशी हसली नाही.

"होलीपरत बगीन. नायतर दुसरी जागा बगा."

दुसरी जागा म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. तुर्भ्याला एका कारखान्यात अण्णांना कधीही काम मिळालं असतं. बंद गाळ्यात, वर पत्रा, खिडकी नाही, शेजारी आणखी चार मशीनं. आत्ताच खोकणारा माणूस तिथं पाठवायचा? त्यापेक्षा काम सोडीन, असं अण्णा म्हणायचे. आणि काम सोडलेले अण्णा मला डोळ्यासमोर आणता येत नव्हते.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'धूळ जन्मते तिथेच धरा! कष्टकऱ्याच्या फुफ्फुसाची किंमत ओळखा!' अण्णांच्या शेडच्या खांबाला चिकटवलं. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"झ्याक लिवलंयस पुढारीनबाई. मालकाला कळवतो."

"मालक कोण?"

"मीच की."

"आणि कामगार?"

"त्योबी मीच. जेवताना दोघांची बैठक घेऊ."

आता आंदोलन करायचं कुणाविरुद्ध? दोन्ही बाजूंना एकच माणूस, आणि तो भाकरी मोडत बसलेला.

मास्कचं म्हणाल तर माझा त्यावर आधीपासून राग. जिथं तिथं हेच: धूळ आम्ही उडवणार, मास्क तुम्ही लावा. जणू सगळी जबाबदारी कामगाराच्या नाकाची! तरी मी हवा गाळणाऱ्या दोन डब्यांचा चांगला रबरी मास्क आणला. अण्णांनी तो मुकाट्यानं लावलाही. अर्ध्या तासानं बघते तर मास्क हनुवटीखाली.

मी भडकले. "अण्णा, शोभेला आणलाय का तो?"

"अगं, दिसत न्हाई त्याशिवाय."

मग मी समोर बसून नीट बघितलं. मशीन दोन क्षण फिरतं, पाकळीच्या रेघेत धूळ भरते, पेन्सिलची खूण बुजते. अण्णा मास्क खाली ओढतात, वाकतात, फुंकर मारतात. खूण दिसते. मास्क वर. पुन्हा मशीन, पुन्हा फुंकर. पटाशीच्या काळापासूनची ही सवय. तेव्हा फुंकरीनं ढलपी उडायची. आता तीच फुंकर ढगभर पीठ उडवते आणि पुढचा श्वास त्याच ढगातून आत जातो. हा हट्ट नव्हता. फुंकर त्यांच्या हत्यारांपैकीच एक होती. ती काढून घ्यायची तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं.

बदल्यात दिला टेबलफॅन. मागून वारा, धूळ पुढं, फुंकरीची गरजच नाही. धूळ खरोखर पुढं गेली. सरळ भिंतीवरून. मावशीनं मग आमच्या घराण्याबद्दल जे उद्गार काढले ते मी पत्रकातसुद्धा छापणार नाही.

पण एक कळलं. ढकलायची नाही, ओढायची.

आणि ओढणारी वस्तू रोज डोळ्यासमोर पडलेली. पलीकडच्या सोसायटीच्या गेटाशी कुणीतरी विदर्भातून आणलेला मोठा कूलर टाकून दिला होता. इथल्या दमट हवेत कूलर लावला की माणूस गार होत नाही, चिकट होतो. वॉचमनकाकांना विचारून मी तो ओढत घरी आणला.

"गारवा खायला व्हय?" अण्णा म्हणाले.

"नाही, भुसा खायला."

कूलर तीन बाजूंच्या ओल्या गवतातून हवा आत ओढतो आणि पुढून फेकतो. दोन बाजू प्लायनं बंद केल्या. उरली एक. त्या गवतासमोर अण्णांनी लाकूड धरायचं. पहिल्या दिवशी गवताचं थालीपीठ झालं. ओढ संपली, मोटर रडायला लागली. मग गवताच्या पुढं मच्छरदाणीचा तुकडा ताणला, जाडा भुसा तिथंच अडला. पाणी नुसतं ओल राहण्यापुरतं ठेवलं, वायरी वर टांगल्या. शेवटचा अडसर अण्णांचा स्वतःचा होता. ग्राइंडरचं चाक भुसा फेकायचं उजवीकडे आणि कूलर होता डावीकडे. जागा बदलायला ते तयार होईनात. उजेड डावीकडून लागतो म्हणाले. दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी मी यायच्या आत त्यांनी कूलरच उचलून उजवीकडे नेला होता.

मी आले तेव्हा मशीन चालू होतं आणि पाकळी स्वच्छ दिसत होती. खूण उघडी. धूळ एका वळणानं गवतात शिरत होती, अगदी शिस्तीनं, आमच्या मोर्च्यापेक्षा बऱ्या शिस्तीनं. मास्क नाकावर. सवयीनं अण्णा वाकले, मास्कच्या आत त्यांचे गाल फुगले, आणि ते थबकले. फुंकायला काही नव्हतंच. डोळ्यांवरून कळलं की आत हसतायत.

होळीच्या दिवशी मावशीनं परीक्षा घेतली. भर उन्हात तिची पावसाळ्यातली काळी छत्री उघडून भिंतीवर ठेवली. काळ्यावर सगळं दिसतं. अण्णांना म्हणाली, "चालवा मशीन." आणि खुर्ची टाकून बसली. दुपारभर तिनं छत्री आणि अण्णांनी मोर सोडला नाही. मी पायरीवर नखं खात होते.

उन्हं उतरल्यावर तिनं छत्रीवर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. मी पायरीवरून उठले. तिनं बोट उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं.

"यो सागाचा नाय," ती म्हणाली. "काला हाय. यो रस्त्याचा. तुज्या ट्रकांचा."

"माझे ट्रक?"

"तूच त्याचं कागद वाटतंस ना? मंग मना नाय दिलास तो कधी."

तिला मी पत्रक दिलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा त्यात सुके बोंबील बांधले गेले होते. तरी मी गठ्ठ्यातून पाच-सहा काढून तिच्या हातात ठेवली. एक तिनं स्वतःला ठेवलं, बाकीची गल्लीत वाटायला नेली. जाता जाता वळली.

"मिस्त्री, रंग खेलायला उद्या हिकरंच या. जागा काय पलत नाय."

अण्णांनी कूलर आणखी थोडा वेळ चालू ठेवला, हवेतलं उरलंसुरलं ओढलं जाईस्तोवर. मग मास्क काढून खिळ्याला अडकवला, चहाची बशी तोंडाशी नेली आणि दिवसातली पहिली फुंकर मारली.