कवळीताईचं गाणारं तोंड

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला चेहरे लक्षात राहत नाहीत, असं कवळीताई म्हणायची, आणि तिच्या बाबतीत ते खरंच होतं. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, सुकलेला साचा सोडवायची, मेणात दात बसवायची आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवायची. ते दात पुढे कुणाच्या तोंडात जाऊन कुणावर ओरडतात, हे तिला कधी कळायचं नाही. वय अठ्ठावन्न, ठेंगणा बांधा, नखांत कायम पांढरी भुकटी, आणि बोलायला लागली की समोरच्याची पळता भुई थोडी. कवळीताई हे नाव लॅबमधल्यांनीच पाडलं होतं आणि तिनं ते बिनतक्रार लावून घेतलं होतं.

तिला वेड होतं गाण्यांच्या व्हिडिओंचं. देखणी माणसं समुद्रकाठी केस उडवत गातात, त्याला ती 'शाम्पूची जाहिरात' म्हणायची आणि पुढे ढकलायची. तिला हवं असायचं ते कुणीतरी डोकं लढवून, हातानं केलेलं. पिठात बोटानं काढलेली माणसं गाता गाता पुसली जातायत, लोकरीचा गुंडा उलगडत जातोय आणि त्यातून रस्ते नि घरं उभी राहतायत, असलं काही दिसलं की बाई हरखून जायची. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. आवडलेला तुकडा ती थांबवायची, मागे न्यायची, एकेक चित्र पुढे सरकवत बघायची.

"हे बघ, इथं डोळा हलवलाच नाहीये त्यानं. नुसती भुवई हलवलीये. आणि आपल्याला वाटतं, बाहुली रडतेय!" ती शेजारी पॉलिशच्या मशीनवर बसणाऱ्याला सांगायची. तो बिचारा न बघताच मान डोलवायचा, कारण बघितलं तर पुढची अर्धी सुट्टी गेली हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

आणि कार्यक्रम! गावात कुठलाही बँड येवो, ही दार उघडायच्या आधी रांगेत, आणि दार उघडलं की थेट मंचापुढच्या लोखंडी कठड्याशी. मागच्या खुर्च्या तिला चालायच्या नाहीत. कानांत स्वतःच्याच कानांचे ठसे घेऊन बनवलेली रबरी बुचं घालायची आणि ढोलाच्या ठोक्याला कठडा थरथरला की दोन्ही हातांनी तो घट्ट धरायची. कॉलेजातली पोरं सुरुवातीला 'मावशी, तुम्हाला धक्का लागेल' म्हणायची. "लागू दे की, मी काय काचेची आहे?" हे उत्तर मिळाल्यावर पोरं तिच्यासाठी जागा धरून ठेवायला लागली.

ती थोरल्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं, करावंसं वाटलंही नव्हतं. दादा एका कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेला, सरळमार्गी, पण घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी खिडकी बंद करणारा. वहिनी गमतीशीर होती, पण नवऱ्यापुढे गंमत गिळून टाकायची. कवळीताई कार्यक्रमाला निघाली की दादाचं वाक्य ठरलेलं: "या वयात माणसानं..." ते वाक्य कधी पूर्ण व्हायचं नाही, कारण तोवर ही जिन्याच्या खाली पोचलेली असायची.

तर झालं असं. गावातल्याच पाच जणांच्या एका बँडनं आपल्या नव्या गाण्यासाठी लोकांकडून ॲनिमेशन मागवलं. निवडलेली फिल्म कार्यक्रमात त्यांच्या पाठीमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर लागणार होती. कवळीताईनं ठरवलं की गाणं म्हणायचं ते दातांनी. आधी तिनं एक सरळ, देखणा, एकसारख्या दातांचा साचा घेतला, आणि तो पडद्यावर अगदी टूथपेस्ट विकायला आल्यासारखा दिसला. मग लॅबमधलं जुनं कपाट रिकामं करताना टाकायला काढलेला एक साचा तिच्या हाती लागला. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, सुळा बाहेर आलेला. हा गाईल, तिला लगेच वाटलं. तिनं मागच्या खोलीतल्या टेबलावर दिवा लावला, लाल मेणाची जीभ केली, मोडक्या ड्रिलचा माइक केला, उरलेसुरले सुटे दात मागे नाचायला उभे केले. जबडा केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. असे बारा फोटो निघावेत तेव्हा कुठे एक सेकंद होतो. संध्याकाळमागून संध्याकाळ ती हेच करत बसली आणि इतकी खूश होती की तहानभूक विसरली.

बँडनं तिची फिल्म निवडली. तिनं घरी सगळ्यांना बसवून फोनवर ती लावली. दादा चष्मा पुसून बघत होता. गाण्याचं ध्रुवपद आलं, जबडा आ वासून गायला लागला, सुळ्यावर प्रकाश चमकला, आणि वहिनीला हसू आवरेना.

"अहो, हे तर तुमचे दात!"

कवळीताईला वाटलं होतं, चेहऱ्याशिवाय नुसते दात धंद्याबाहेरचं कोण ओळखणार? कपाटातला साचा दादाचा आहे हे तिला पहिल्या नजरेत कळलं होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दादानं त्या दातांवर सरळ दातांच्या टोप्या बसवल्या, त्याआधीचा तो साचा. पण पस्तीस वर्षं समोर बसून जेवलेली बायको काय ओळखणार नाही? हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दादाचा चेहरा पडला. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याचा आवाज बारीकच निघाला.

"शाळेत मला काय म्हणायचे, तुला ठाऊक आहे. टोप्या तूच बनवल्यास. आणि आता तेच दात हजार लोकांपुढे नाचवतेस?"

"अरे दादा, कुणाला कळणार आहे? आणि ते दात मला आवडतात रे. सरळ दातांना गाता येत नाही."

"ती फिल्म काढून घे."

"नाही घेणार."

"या वयात माणसानं जरा शोभेल असं वागावं!" वाक्य पहिल्यांदाच पूर्ण झालं. "इतकी हौस आहे ना, मग स्वतःचे दाखव की चारचौघांत. दाखव! तुझं तोंड तू कधी उघडं टाकलं आहेस का?"

कवळीताईच्या वरच्या ओळीतले पुढचे चार दात तिचे नव्हते. पोरवयात जिन्यावरून पडली तेव्हा ते गेले होते. लॅबमध्ये लागल्यावर तिनं पहिलं काम केलं ते स्वतःसाठी त्या चार दातांची काढता-घालता येणारी प्लेट बनवण्याचं. झोपताना ती काढून पाण्यात ठेवावी हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? पण ही झोपायचीसुद्धा प्लेट घालून. इतक्या वर्षांत तिला त्या फटीसकट कुणी पाहिलं नव्हतं. वहिनीनंही नाही.

रात्रभर ती संतापानं जळत होती. सकाळी राग तसाच होता, पण त्यातली एक गोष्ट तिला पटली होती. दात दादाचे होते. त्याला न विचारता ते उचलणं चूकच होतं. वयाचं मात्र तिला मुळीच पटलं नव्हतं. वय काय दादाच्या बापाचं होतं? आणि बाप तर तिचाही होता. दादा चहाला बसला तेव्हा तिनं तो साचा त्याच्यापुढे ठेवला.

"घे तुझे दात. माफ कर, विचारायला हवं होतं. पण फिल्म लागणार म्हणजे लागणार."

लॅबला सुट्टी होती, किल्ली तिच्याकडे होती. तिनं ठशाचा गुलाबी लगदा कालवला, आरशासमोर उभी राहिली आणि प्लेट काढली. आरशातलं तोंड पाहून तिला रडू आलं. बोळकं, आत गेलेला ओठ, अचानक म्हातारी झालेली बाई. हे पडद्यावर? घराएवढं? क्षणभर तिला वाटलं, बँडला कळवावं की जमणार नाही, आणि विषय मिटवावा. मग दादाचं ते 'दाखव' आठवलं आणि तिचं पित्त खवळलं. "दाखवते ना," ती आरशाला म्हणाली आणि लगद्यानं भरलेला ट्रे तोंडात कोंबला. घशाशी आलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण लगदा घट्ट होईपर्यंत तिनं हात हलू दिला नाही.

फिल्म बदलून देते, असं तिनं बँडला कळवलं; शनिवारच्या कार्यक्रमासाठी त्यांना ती गुरुवारी हवी होती. तिनं लॅबमधून रजा टाकली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. आधीच्या फिल्ममधलं काही चालण्यासारखं नव्हतं, कारण हे तोंड वेगळं गात होतं. मधल्या फटीतून लाल जीभ बाहेर डोकवायची, सुटे दात त्या फटीत उडी मारून बसू बघायचे आणि जीभ त्यांना प्रत्येक वेळी ढकलून द्यायची. हे तिनं योजलं नव्हतं, करता करता सुचलं आणि ती एकटीच खदखदून हसली. वहिनी दोनदा जेवायचं ताट ठेवायला आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा कवळीताईनं प्लेट लावलेली नव्हती. वहिनी थबकली, नीट बघितलं, आणि म्हणाली, "वन्सं, शनिवारी मी पण येते."

"दादा काय म्हणेल?"

"म्हणू दे."

शनिवारी दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. जुन्या गोदामाचं सभागृह खचाखच भरलं होतं. बँडनं ते गाणं धरलं आणि मागच्या पडद्यावर कवळीताईचं तोंड उघडलं, दोन मजली, पांढरंशुभ्र, मधोमध खिंडार. आधी हशा उसळला. कवळीताई कठडा सोडून मागे सरली, वहिनीनं तिचा दंड धरला. मग जिभेनं पहिला दात ढकलून दिला आणि लोक हसता हसता ओरडायला लागले. दुसऱ्या वेळी सगळं सभागृह त्या तोंडाबरोबर ध्रुवपद म्हणत होतं. आपल्या आयुष्यात आपण इतकं मोठ्यानं कधी बोललो नाही, असं कवळीताईला वाटलं, आणि तीही जिवाच्या आकांतानं गायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पेपर धरून बसला होता, पण पान उलटत नव्हता. कवळीताई चहा घेऊन समोर बसली. प्लेट तिनं लावलेली नव्हती. त्यानं एकदा पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं.

"लोक हसले असतील," तो म्हणाला.

"हसले की. पोट धरून हसले. मी पण हसले."

"आणि कुणी विचारलं नाही, हे कुणाचं तोंड म्हणून?"

"विचारलं ना. शेजारी एक मुलगी होती, तिनं विचारलं."

दादानं पेपर खाली ठेवला. "मग? काय सांगितलंस?"

"काही नाही. उघडून दाखवलं."