आत्याचा पातळ खरवस

"जयभीम ताई, आई गेली." आतेभाऊ बबनचा फोन आला तेव्हा मी लातुरात भाजी निवडत बसले होते. रडतारडता तो पुढे म्हणाला, "गाभण गाईला वैरण टाक म्हणाली, अन्‌ गेली..." आत्याच ती. आम्हा भाचरांची नावं अलीकडे विसरायची, गाय विसरणं शक्य नव्हतं.

आत्याचं गाव जळकोटकडचं. ही गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता, गावच्या पाटीवर अजून उस्मानाबादच होतं आणि पाऊस दोन्ही जिल्ह्यांवर रुसला होता. त्या दुष्काळात गावात व्याली ती एकटी आत्याची मंगल. संकरित गाय, आत्याने स्वतः अर्धपोटी राहून जगवलेली. एरवी वरच्या आळीतली माणसं आमच्या घरचं पाणी घ्यायला काचकूच करत. चिकासाठी मात्र तांब्या घेऊन दारात हजर! आत्या हरखून गेली. "आज माझ्या दारातून कुनी रिकामं जायचं न्हाई," म्हणत तिने पहिल्याच दिवशी कास पार निपटून काढली. घरोघरी खरवस शिजला, सुरीने कापावा असा घट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल बसली ती उठेचना. कान गार, मान पोटाशी वळलेली. ज्यांनी खरवस खाल्ला तेच म्हणू लागले, "नजर लागली." आत्या गाईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडत होती.

गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. मानेच्या शिरेतून हळूहळू कॅल्शियमची बाटली सोडली. मंगल थरथरली, तिने ढेकर दिला, शेण टाकलं आणि चक्क उभी राहिली! आत्या शेणासकट तिच्या पाया पडली.

"मावशी, अंगातला चुना दुधावाटे गेला," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या खेपेला व्याली की उभी असतानाच कॅल्शियम पाजा, ठसका लागू देऊ नका. वासराला पोटभर पिऊ द्या, पण पहिले दोन-तीन दिवस कास रिकामी करू नका."

गावाला यातलं एवढंच कळलं की बाटलीने बसलेली गाय उठते. आठवडाभर आळीतल्या म्हाताऱ्या गुडघे धरून आत्याच्या दारात! "आमालाबी घोटभर दे की." आत्याने पुढच्या वेतासाठी डॉक्टरांनी दिलेली बाटली पेटीत कुलपात ठेवली.

पुढच्या वेताला तिने तांबे रिकामेच परत पाठवले. चौथ्या दिवशी बोलावून दिला तो चीक कसला, दूधच. खरवस थिजेना, ताटलीत पळायला लागला. वरच्या आळीतली शांताकाकू तर चारचौघींत म्हणायची, "सुभद्रे, लई चिकट झालीस गं!" आत्याला ते लागायचं. ज्या दारात माणसं यावीत म्हणून जीव टाकला, तिथून ती नाक मुरडून जात होती. पण ती प्रत्येकीला आधी गोठ्यात न्यायची. "गाय उभी हाय का बघ. कानाला हात लाव, गरम हायत का? मग माझ्या नावानं बोंबल." आयुष्यभर तिने गावाला पातळ खरवसच खाऊ घातला.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बबनची गाय व्याली. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्याने हौसेने सगळा चीक काढून खरवस लावला. दुसऱ्या दिवशी देखण्या वड्या ताटातून फिरल्या. आता काठी टेकत चालणाऱ्या शांताकाकूने एक वडी उचलली, बोटाने दाबून पाहिली आणि परत ताटात ठेवली.

"बबन्या, गाय उभी हाय का रं?"

कुणीच वडी तोंडात घातली नाही. बाया एकेक करून उठल्या आणि गोठ्याकडे निघाल्या. गाय उभी होती, रवंथ करत. शांताकाकूने तिचे दोन्ही कान नीट चाचपले आणि मगच पदर डोळ्यांना लावला.